अमेरिकेचा पैरा

पिसारवाडीच्या अंगणवाडीला आणखी एक हात रंग द्यायचा म्हणजे भिंतीवर अन्याय होता. आधी कुठल्याशा कंपनीची माणसं आली, त्यांनी पिवळा दिला. मग कॉलेजची पोरं आली, त्यांनी पिवळ्यावर निळा दिला आणि निळ्यावर मासे काढले. मासे का, ते त्यांनाच ठाऊक. मग आणखी कोणी येऊन माशांवर झाडं काढून गेलं. थरावर थर बसून खिडकी लागायची बंद झाली. आणि आता ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर अमेरिकेतल्या आयोवाची अकरा माणसं रंगाचे डबे घेऊन मिनीबसमधून उतरली, तेव्हा अंगणवाडीच्या सुलक्षणाबाईंनी दारात हात आडवा लावला.

"आता ब्रश लावाल तर भिंत पडंल," त्या म्हणाल्या. "तुमी चहा घ्या आणि बसा."

बसा म्हणे! ही काय बसायला आलेली माणसं होती? त्यांच्या चर्चची रीत अशी, की वर्षातून एकदा आपल्यातली काही जणं गोळा करायची, परदेशात कुठंतरी आठ-दहा दिवस जायचं, हातानं काम करायचं, लोकांची सेवा करायची आणि घरी यायचं. पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना पानशेतला उतरवलं होतं. तिथून रोज सकाळी मिनीबस घाट चढून वाडीत येणार, असं ठरलेलं. सोबत दुभाषी म्हणून भोरची स्वप्नाली, नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली आणि बोलायला कुणाच्या बापाला न घाबरणारी. चर्चवाल्यांच्या म्होरक्या डॉरिसबाई. सत्तरीच्या, बाभळीसारख्या उंच, गुडघ्याला पट्टा, डोक्यावर गवती टोपी. एवढ्या लांबून आलेली माणसं, आणि त्यांना काम नाही! त्यांच्यातल्या पोरापोरींचे चेहरे तर असे पडले होते की बघवेना.

तेवढ्यात डोक्यावर शेणाची पाटी घेऊन कमळाबाई तिथून चालली होती. ती थांबली. तिनं त्या अकरा जणांकडं खालून वर पाहिलं. त्यात दोघं-तिघं चांगली बैलासारखी दणकट.

"पोरी," तिनं स्वप्नालीला विचारलं, "ही मानसं रिकामी हायेत का?"

"मावशी, ती सेवा करायला आल्यात."

"सेवा देवाची करत्यात. काम करनार आसतील तर सांग. माझ्या खाचराचा बांध पडलाय."

बांध पडला होता तो गेल्या श्रावणात. डोंगरावरून असा काही लोंढा आला की दगडी बांध मधोमध फुटला आणि भाताच्या खाचरातली माती खालच्या ओढ्यात गेली. आता बांध उभा राहिला नाही, तर यंदा भात लावायचं नाव नको. कमळाबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती लेक आंबवड्याला दिलेली. वाडीतली जवान पोरं शिरवळच्या आणि पुण्याच्या कंपन्यांत. एकट्या बाईनं किती दगड उचलावेत?

तर डॉरिसबाई हो म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी अकरा माणसं बांधावर हजर. काय तो थाट! तोंडाला पांढरं मलम फासलेलं, हातात कातडी मोजे, आणि काम सुरू करण्याआधी सगळे गोल उभे राहून डोळे मिटून प्रार्थना म्हणाले. कमळाबाईला ते आवडलं. ती पण पहिला दगड ठेवायच्या आधी भैरवनाथाचं नाव घ्यायचीच. मात्र प्रार्थना लांबायला लागली तशी ती स्वप्नालीच्या कानाला लागली, "आवर म्हनावं, ऊन चढतंय."

दिवसभर माणसं राबली. एकाच्या पायावर दगड पडला, एकीला मुंग्यांनी धरलं, एक पोरगं उन्हानं टोमॅटोसारखं लाल झालं. पण कोणी बसलं नाही. दुपारी कमळाबाईनं रीतीप्रमाणं कोंबड्याचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी वाढल्या. रस्सा तोंडात गेला आणि अमेरिका घळाघळा रडायला लागली. पण ताटं पुसून खाल्ली हो सगळ्यांनी. संध्याकाळी बांध उभा. कमळाबाईनं त्याच्यावर चढून दोन उड्या मारल्या. हलला नाही.

हे सगळं चाललेलं असताना ओढ्याच्या काठावर एक माणूस हाताची घडी घालून उभा होता. तो हनुमंत, कमळाबाईचा चुलतदीर. त्याचं खाचर तिच्या खाचराला लागून, आणि दोघांच्या मधल्या बांधावर एक फणसाचं झाड. त्या फणसाच्या मालकीवरून सात वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. फणस दर साली लागायचे, पिकायचे आणि खाली पडून माकडांच्या पोटात जायचे. पण बोलणं नाही म्हणजे नाही! तर हा हनुमंत सकाळपासून तिथं उभा. मधूनच मोबाईल काढून फोटो घ्यायचा, परत हाताची घडी. जेवायलासुद्धा घरी गेला नाही.

त्याच्या पोटात काय दुखत होतं, ते दुसऱ्या दिवशी देवळात कळलं.

भैरवनाथाची यात्रा तोंडावर आलेली. त्याची बैठक भरली होती. यात्रेत दिवेलागणीला पालखी निघते आणि पालखीपुढं दिवटी चालते. त्या दिवटीत पहिलं तेल पडतं ते कमळाबाईच्या घरचं. तिच्या सासऱ्याच्या आज्यापासूनचा हा मान. नवरा होता तोवर दिवटी तोच धरायचा आणि ती तेल ओतायची. तो गेल्यावर दिवटी दुसऱ्याच्या हातात गेली, पण तेल तिचंच राहिलं. वर्षाचे बाकीचे दिवस ती वाडीतली एक म्हातारी विधवा. त्या एका संध्याकाळी मात्र सगळी वाडी तिच्या वाटेकडं डोळे लावून उभी असते. ती आल्याशिवाय पालखी जागची हलत नाही. या एका गोष्टीवर ती वर्ष काढायची, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पण सांगायला कशाला हवं? दिसत होतंच.

आणि हनुमंत उठला.

"सावळारामतात्या," तो गुरवाला म्हणाला, "म्या काय कुनाच्या धर्माला नावं ठेवत न्हाई. पर त्यांनी सेवा म्हनून काम केलं आन ह्यांनी फुकटात घेतलं. फुकटाची सेवा घेतली की मानूस त्यांचा झाला. मग ह्यांच्या घरचं त्याल भैरवनाथाला कसं चालंल?"

देवळात कुजबुज झाली. कमळाबाईचा मान गेला तर भावकीत त्याला हनुमंताशिवाय दुसरं घर नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

कमळाबाई कोपऱ्यात बसली होती. ती ताडकन उठली. "फुकट कोन म्हनतं? कुनाच्या बापाचं म्या कवा फुकट घेतलंय? इर्जिक केली म्या, जेवान घातलं. आन माणशी एक दिस त्यांचा माज्यावर पैरा हाय. फेडनार!"

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, एकट्याच्यानं न उरकणारं काम सगळ्यांनी मिळून एका दिवसात उरकायचं, त्याला इर्जिक म्हणतात. मालक पोटभर जेवू घालतो. आणि ज्यानं आपल्या रानात एक दिवस दिला, त्याच्या रानात आपण एक दिवस द्यायचा, तो पैरा. या डोंगरात माणसाची लायकी बघायची तर त्याचा पैरा बघतात. कमळाबाईनं आयुष्यात एक पैरा बुडवला नव्हता. अंगात ताप असताना लोकांची भातं लावली होती तिनं.

"पैरा? अमेरिकेचा?" कोणीतरी म्हणालं आणि देऊळ हसलं.

सावळाराम गुरव मात्र हसला नाही. त्यानं मिशी ओढली. "रीत म्हनजे रीत," तो म्हणाला. "पैरा फिटला तर ते काम झालं, सेवा न्हाई. मग मान कमळाबाईचा. न्हाई फिटला तर हनुमंताचं म्हननं खरं. पर ती मानसं परत जायच्या आत फिटाय पायजे."

ती माणसं त्याच आठवड्यात जाणार होती. कमळाबाई घरी गेली आणि चुलीपुढं बसली. अकरा माणसांचा पैरा, आणि त्यांची रानं सात समुद्रापार! तिला रात्री घास गेला नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं ती पानशेतला उतरली. रान नसलं म्हणून काय झालं? काम कुठंही असतं. अमेरिकेच्या माणसांचा मुक्काम होता तिथं मागच्या अंगणात डॉरिसबाई बादलीत कपडे भिजवून बसल्या होत्या. कमळाबाईनं पदर खोचला आणि बादलीत हात घातला. डॉरिसबाईंनी "नो, नो" म्हणत बादली आपल्याकडं ओढली. कमळाबाईनं स्वतःकडं ओढली. एक ओली जीनची पँट दोघींच्या मध्ये ताणली गेली. एक पाय हिच्या हातात, एक पाय तिच्या. दोघींचं वय मिळवलं तर सव्वाशेच्या वर, पण एकीनं सोडली असेल तर शपथ! शेवटी पँटच फाटली.

आवाज ऐकून स्वप्नाली धावत आली.

"हिला सांग, मला धुवू दे!"

"मावशी, त्या म्हणतात, आम्ही तुमची सेवा करायला आलोय. तुमच्याकडून करून घ्यायला नाही."

"आरं देवा! ह्यांची सेवा आपल्या गळ्यात मारायची आन आपली मातूर ह्यांना नगं! ही कुठली रीत?"

मग तिनं मिनीबस झाडायला घेतली. लाल झालेलं ते पोरगं पळत आलं आणि झाडू हिसकावून स्वतःच झाडायला लागलं. तिनं स्वयंपाकघरात शिरून भाकरी थापायला घेतल्या, तर दोघी पोरी तिच्या शेजारी बसून थापायला शिकल्या. म्हणजे शिकवायचं काम तिनं केलं असं धरलं, तर भाकरीचं काम त्यांनी केलं. हिशेब होता तिथंच. कमळाबाई रडकुंडीला आली. शेवटी तिला डॉरिसबाईंचा गुडघा दिसला. पट्टा काढून त्या पायरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. कमळाबाईनं काही विचारलं नाही. पिशवीतली तेलाची बाटली काढली, पाय मांडीवर ओढून घेतला आणि असा काही चोळला की डॉरिसबाईंनी डोळेच मिटले. चला, एक तरी पैरा फिटला, असं म्हणून कमळाबाई सुस्कारा टाकते न टाकते, तोच डॉरिसबाई तिच्या मागं जाऊन बसल्या आणि तिचे खांदे चेपायला लागल्या.

"सोड! सोड म्हनते ना!" कमळाबाई ओरडली. "परत चढवलास का गं पैरा माज्यावर?" आणि मग तिचा बांधच फुटला. ती पायरीवर बसून ढसाढसा रडली. "माज्या घरची दिवटी इझवायला आलीस का गं बये? तुजं काय घोडं मारलं हुतं म्या? तुला देता येतं, मला येत न्हाई व्हय?"

स्वप्नालीनं यातला एक शब्द न गाळता सगळं इंग्रजीत सांगितलं. घोड्यासकट. वर पैरा म्हणजे काय, दिवटी म्हणजे काय, तेही सांगितलं. डॉरिसबाईंनी हात मागं घेतले. बाकीचे दहा जणही झाडू, परात, कपडे हातात घेऊन उभे राहिले.

मग डॉरिसबाई हळू आवाजात बोलायला लागल्या आणि स्वप्नाली मराठीत सांगत गेली. त्यांच्या आज्याच्या काळात त्यांच्या गावात कोणाला धान्याचं कोठार बांधायचं असलं की सगळा गाव यायचा. लाकडं उभी करायचा आणि एका दिवसात कोठार उभं. बायका जेवण घालायच्या. ज्याच्याकडं गेलो तो आपल्याकडं आलाच पाहिजे. एक माणूस आला नव्हता, तर पुढं चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसत नव्हतं.

"मग?" कमळाबाईनं नाक पुसलं. "ठावं हाय की हिला सगळं!"

"त्या म्हणतात, ठाऊक होतं, पण इथं येताना ते घरीच विसरून आले. माफ करा म्हणतात. पण आमचं शेत तर इथं नाही. पैरा घ्यायचा कसा?"

कमळाबाई सरसावून बसली. आता गाडी रुळावर आली होती. "वळवायचा! आमच्यात कुनाला आपला पैरा नको आसला तर त्यो दुसऱ्याला देतो. ज्याचा पैरा त्यानं सांगायचं, अमक्याच्या रानात जा. तिथं काम केलं की फिटला. सांग म्हनावं कुनाच्या रानात जाऊ? ज्याचा पैरा त्याची मर्जी. म्या तोंडातनं चकार शबूद काडनार न्हाई."

डॉरिसबाईंनी विचार केला. आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"मावशी," स्वप्नालीचा आवाज जरा बारीक झाला, "त्या म्हणतात, तो ओढ्याच्या काठावर उभा असणारा माणूस."

"कोन? हनुमंत?"

"त्या म्हणतात, बिचारा सकाळपासून एकटा उभा होता. त्याला सगळ्यांच्यात यायचं होतं, पण कोणी बोलावलंच नाही. आणि त्याचाही बांध पडलाय, त्यांनी बघितलाय."

कमळाबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बिचारा? हनुमंत बिचारा? "आगं त्यो तुमच्या नावानं शंख करायला उभा हुता! दुसरं कोन बी सांग म्हनावं! गुरव सांग, मास्तर सांग, कुत्र्याच्या रानात जाते म्या!"

"त्या म्हणतात, तुम्हीच म्हणालात ना, ज्याचा पैरा त्याची मर्जी? आणि त्या विचारतात, त्याला कोणी बोलावलं होतं का?"

बोलावलं तर नव्हतंच. सात वर्षांत कोणत्याच कामाला बोलावलं नव्हतं. तिनंही नाही आणि त्यानंही नाही.

संध्याकाळी ती हनुमंताच्या दारात उभी राहिली. सात वर्षांनी. दार त्याच्या बायकोनं, मंगलनं उघडलं आणि तिच्या हातातला तांब्या खालीच पडायचा राहिला. "आक्का, तुमी?"

"भावजींना बोलीव."

हनुमंत बाहेर आला. हाताची घडी घालूनच आला. कमळाबाईनं भिंतीकडं बघत सांगून टाकलं. "अमेरिकेच्या मानसांनी त्यांचा पैरा तुमच्याकडं वळिवलाय. आमी अकरा मानसं परवा तुमचा बांध घालायला येनार. रीतीपरमानं सांगाय आले."

हनुमंत आधी हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळत गेलं, कारण माणूस खडूस असला तरी मूर्ख नव्हता. दारात आलेला पैरा परतवला, तर रीतीनं तो फिटलाच म्हणायचा. म्हणजे मान कमळाबाईचा. आणि घेतला, तरी फिटलाच. शिवाय मग त्या अकरा माणसांचं काम आपल्या रानात पडलं. म्हणजे त्यांचे देणेकरी आपण!

"म्हंजी," तो म्हणाला, "तुमचा फिटतोय आन माज्यावर चढतोय?"

"व्हय. माझं झालं. आता तुमचं आन त्यांचं."

"न्हाई जमायचं! सांगा त्यांना जावा म्हनून!"

आणि तेवढ्यात मंगल बोलली. ती या घरात येऊन बत्तीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या बोलण्यात मध्ये पडलेली कोणी पाहिली नव्हती. "घ्या की," ती म्हणाली. "दोन पावसाळं बांध उघडा हाय. आपला पोरगा इंद्रजित दर खेपेला पुढल्या रविवारी येतो म्हनतो. परवा तुमी एकलंच दगुड उचलाय गेला आन पाठ धरून घरी आला. मला सांगितलं न्हाई, पर मला काय दिसत न्हाई? कवर उभं ऱ्हायाचं वड्याच्या काठाला?"

हनुमंतानं मान वळवली. तो ओसरीच्या खांबाकडं बघायला लागला. त्याच्या हाताची घडी सुटली होती. कमळाबाईला एकदम आठवलं, लग्न होऊन ती या वाडीत आली तेव्हा हा एवढासा होता आणि तिच्या पाठीमागं वैनी, वैनी करत हिंडायचा. तिला रागच आला, की आत्ताच कशाला आठवलं हे!

"मंगल," हनुमंत खांबालाच म्हणाला, "अकरा मानसांना कोंबड्या किती लागतील?"

कमळाबाईनं दुसऱ्या दिवशी वाडी उभी-आडवी पालथी घातली. ज्याच्या ज्याच्या रानात ती राबली होती आणि ज्यानं अजून फेडलं नव्हतं, त्या प्रत्येकाला दारातून हाक. "उद्या हनुमंताच्या बांधावर. माझा पैरा." ज्यांना नको होतं तेही आले. न येऊन सांगतात कुणाला? दहा जणं गोळा झाली, अकरावी ती स्वतः.

मग तो दिवस उजाडला. आज काम वाडीचं आणि बसायचं अमेरिकेनं. फणसाखाली घोंगडी अंथरून अकरा जणांना बसवलं. बसायचं काम किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. ती माणसं नुसती तळमळत होती! एक जण उठून पाण्याची कळशी उचलायला जायचा, की कमळाबाई खालून ओरडायची, "बसीव त्याला!" दुसरी गुपचूप पाटीकडं सरकायची, की स्वप्नाली तिला धरून आणायची. हनुमंत मालक म्हणून बांधावर उभा. कमळाबाईशी बोलला नाही, पण तिनं मोठा दगड उचलला की दुसऱ्या बाजूनं हात लावायचा. बोलायला कशाला हवं?

दुपार व्हायच्या आत बांध कमरेपर्यंत आला. आणि सगळ्यांची नजर चुकवून डॉरिसबाई उठल्या. पट्टा बांधलेला पाय ओढत खाली आल्या, एक दगड उचलला आणि बांधावर ठेवायला निघाल्या.

"आवो! आवो बाई!" हनुमंत असा धावला, की त्याची टोपी मागं पडली. "ठिवा! ठिवा खाली! आधीच अकरा झाल्यात, आता बारावा कुठं चढवताय माज्यावर?" त्यानं दोन्ही हातांनी त्यांच्या हातातला दगड काढून घेतला.

सगळी वाडी थांबली. कमळाबाईनं हातातली पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेऊन म्हणाली, "काय वो भावजी? सेवा हुती न्हवं ती? मोजाय कवापासनं लागला?"

आधी सावळाराम गुरव हसला, मग सगळे. हनुमंत दगड पोटाशी धरून उभा. चिडावं की हसावं हे त्याला कळेना, आणि शेवटी तोही हसला. डॉरिसबाईंना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणं फणसाखालीच झाली. मालकानं स्वतः वाढायचं, ही रीत. हनुमंत पातेलं घेऊन पंगतीतून फिरला आणि कमळाबाईपुढं येऊन थांबला.

"वैनी, रस्सा?"

"वाढा," ती म्हणाली. आणि मग, "मीठ कमी हाय. मंगलला म्हनावं लाजू नगंस."

मिनीबस गेली त्या सकाळी कमळाबाई रस्त्यावर उभी होती. डॉरिसबाईंनी तिला मिठी मारली. तिनं त्यांच्या हातात तेलाची बाटली कोंबली आणि गुडघ्याकडं बोट दाखवलं. दोघी रडल्या, आणि रडण्याचा पैरा तेवढा जागच्या जागी फिटला.

यात्रेच्या दिवशी दिवेलागणीला पालखी सजून उभी राहिली. कमळाबाई तेलाचं भांडं घेऊन आली. गर्दी बाजूला झाली. सावळाराम गुरवानं रीत म्हणून मोठ्यानं विचारलं, "हनुमंता, तुजी काय हरकत?"

"हरकत कशाची? त्यांचा पैरा फिटला," हनुमंत म्हणाला. "माज्यासमोर फिटला. माज्याच रानात."

तिनं तेल ओतलं. दिवटी भडकली आणि पालखी हलली.

पुढं काही दिवसांनी एका संध्याकाळी हनुमंत तिच्या अंगणात येऊन खाकरला. खिशातून स्वतःचे दोन छोटे फोटो काढून त्यानं तिला दाखवले. भोरच्या बाजाराला गेला असताना काढलेले, टोपी काढून, डोळे वटारून. "पासपोर्टाला लागत्यात म्हनं," तो म्हणाला. "वैनी, त्या स्वप्नालीला फोन लावा. तिकडं कामाचा हंगाम कवा आसतो, इचारा. अंगावर पैरा ठिवून मला झोप लागंना झालीय."

स्वप्नालीनं भोरहून डॉरिसबाईंना जोडून दिलं. मोबाईलच्या काचेत तिकडची सकाळ दिसत होती, मागं लाल रंगाचं मोठं कोठार. विचारल्याबरोबर डॉरिसबाई सवयीनं "नो, नो" करायला लागल्या. कमळाबाईनं काचेपुढं नुसतं एक बोट उभं केलं. डॉरिसबाई थांबल्या आणि त्यांनी मुकाट्यानं सांगून टाकलं. स्वप्नालीनं मराठी केलं, दसऱ्याच्या आसपास, मक्याची काढणी.

"मका व्हय?" हनुमंताचा जीव भांड्यात पडला. "मका काय, आपल्याला येतो की!"

"येकटं नगा जाऊ," कमळाबाई म्हणाली. "म्या बी येते."

"तुमी कशाला? तुमचा फिटलाय न्हवं?"

"फिटलाय म्हनूनच," कमळाबाई म्हणाली. "म्या तिकडं एक दिस राबले, म्हंजी माझा त्यांच्यावर पैरा ऱ्हाईल. मग बाईला परत हितं यावंच लागंल."